१६ दिवसांचा प्रवास आणि एक बंद पाकीट

प्रवास आखून देणं हे माझं काम. तिकिटं, व्हिसा, मुक्काम यांबद्दल लोक भरपूर विचारतात. बॅगेत काय भरायचं हेही विचारतात. काय भरायचं नाही, हे मात्र सहसा निघायच्या आदल्या रात्री, वजनकाट्यावर उभं राहूनच विचारलं जातं. हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. संबंधितांच्या परवानगीने लिहितो आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

प्रवासी तिघे: साठी ओलांडलेले काका, काकू आणि त्यांची नोकरी करणारी मुलगी. काका-काकूंचा हा पहिलाच परदेश प्रवास. १६ दिवस, त्यात जाताना दोन दिवस सिंगापूर आणि उरलेले सगळे जपान. जपानमध्ये दोन लांबचे टप्पे शिंकान्सेनने, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनने, आणि एक टप्पा कमी भाड्याच्या देशांतर्गत विमानाने. काकांना रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, काकूंना थायरॉइडची गोळी. याखेरीज तब्येती ठणठणीत.

आंतरराष्ट्रीय तिकिटावर प्रत्येकी ३० किलो सामान मंजूर होतं. मुलीने तो आकडा पाहिला आणि घरी सांगितला. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या एका आकड्यात आहे. ३० किलो म्हटल्यावर घरात ३० किलो भरायचेच, असा समज झाला.

अडचण

निघायला चार दिवस होते तेव्हा मुलीचा फोन आला. "दादा, बॅगा बंद होत नाहीत." मी म्हटलं, आधी वजन करा. मोठ्या बॅगा भरल्या २७.४, २४.८ आणि १९.२ किलोच्या. हातातल्या तीन बॅगा मिळून २८ किलो.

मोठ्या बॅगांची बेरीज ७१.४, म्हणजे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या आतच. पण जपानमधल्या त्या देशांतर्गत तिकिटावर प्रत्येकी २० किलोच होते, आणि हातातल्या सामानाला ७ किलो, त्यात पर्सही धरलेली. म्हणजे खरी मर्यादा ६० आणि २१. किमान १८.४ किलो कमी करायचे होते. प्रवासात अनेक टप्पे असतील तर सगळ्यात कडक टप्पाच बॅग ठरवतो. तिकिटाच्या पहिल्या पानावरचा उदार आकडा तिथे उपयोगाचा नसतो.

वजनाच्या आड आणखी एक गोष्ट दडली होती. सर्वांत मोठ्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १७१ सेंटिमीटर होत होती. विमान कंपन्या साधारण १५८ पर्यंत चालवून घेतात. जपानच्या तोकाइदो, सान्यो आणि क्युशू या मार्गांवरच्या शिंकान्सेनमध्ये १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर २०२० पासून मोठ्या सामानाची जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते. ती त्यांनी ठेवली नव्हती.

मी यादी मागवली. यादी वाचताना वजनाचा विचार बाजूला राहिला, कारण अडचणीच्या खऱ्या वस्तू हलक्या होत्या.

यादीत काय निघालं

विजेची किटली आणि केस वाळवायचा ड्रायर, दोन्ही २३० व्होल्टची. दोन पॉवर बँका, एक १०,००० आणि दुसरी ३०,००० एमएएचची. कान दुखू नयेत म्हणून काकांनी घेतलेली च्युइंगमची आठ पाकिटं. घराच्या, कपाटाच्या आणि गाडीच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा, त्याला लटकवलेला छोटा घडीचा चाकू. काकूंचे दागिने. सगळ्या बँकांची सगळी कार्डं. रोजच्या गोळ्या, पण पाकिटातून काढून प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या डबीत भरलेल्या. अर्धी संपलेली २०० मिलिलिटरची क्रीमची ट्यूब, हातातल्या बॅगेत.

आणि शेवटी एक ओळ: "शेजारच्या ताईंनी त्यांच्या मुलीसाठी दिलेलं पाकीट, तोक्योला." ते चिकटपट्टीने बंद होतं.

मी विचारलं, "आत काय आहे?" काकू म्हणाल्या, "खाऊ आणि थोडी औषधं. तिला वारंवार सर्दी होते हो."

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पैसे मोजून सुटण्याचा: देशांतर्गत टप्प्यावर जास्तीचं वजन विकत घ्यायचं. काकांचा कल तिकडे होता. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पैसे आधी भरले तर ते विमानतळावर भरण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण वजनाचे पैसे भरून चाकू, च्युइंगम किंवा औषधं कायदेशीर होत नाहीत. शिवाय जपानी स्थानकांवरचे जिने आणि हॉटेलच्या चिंचोळ्या खोल्या यांना पैशांचा उतारा नाही.

दुसरा पर्याय मुलीचा: सगळं इथे सोडायचं, लागेल ते तिथे घ्यायचं. हा आदर्शवाद काकूंना मानवणारा नव्हता, आणि औषधांच्या बाबतीत तो चुकीचाही होता.

तिसरा पर्याय मी सुचवला. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारायचे. ही वाटेतल्या प्रत्येक देशात आणि प्रत्येक तपासणीत चालते का? आणि ती हरवली, जप्त झाली किंवा बॅगेसकट एक दिवस उशिरा आली, तर काय होईल? "लागेल का?" हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण घरात बसून विचारलं की प्रत्येक गोष्ट लागेलशी वाटते. "असू दे" या दोन शब्दांचं वजन कुठल्याच काट्यावर दिसत नाही.

निर्णय एकेक करून

किटली आणि ड्रायर सोडायला काका तयार नव्हते. "अडॅप्टर घेतलाय ना," ते म्हणाले. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून २३० व्होल्टसाठी बनवलेली किटली तिथे आपल्या शक्तीच्या जेमतेम १९ टक्क्यांवर चालते. मी काकांना हा हिशेब कागदावर करून दाखवला: इथे पाच मिनिटांत उकळणारं पाणी तिथे सव्वीस मिनिटं घेईल, खरं तर जास्तच, कारण तापता तापता ते निवतही राहील. काका निवृत्त अभियंते. हिशेब पटला आणि किटली कपाटात गेली. फोन आणि लॅपटॉपच्या चार्जरवर "१०० ते २४०" असं छापलेलं असतं, त्यांना ही अडचण नसते.

पॉवर बँकेचा हिशेबही असाच. ३०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १,००० म्हणजे १११ वॉट-तास. १०० पर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची प्रवाशाला नेताच येत नाही. लहान पॉवर बँक ३७ वॉट-तासांची, ती निवांत चालते. मोठी घरी राहिली. दोन्हींपैकी कोणतीही मोठ्या बॅगेत टाकता येत नाही, हे काकांना माहीत होतं, पण का ते माहीत नव्हतं. लिथियम बॅटरी बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेटते. केबिनमध्ये कोणाला तरी धूर दिसतो आणि पाणी ओतून ती थंड करता येते. पोटातल्या मालकक्षात ते कोण करणार? २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणापूर्वी एक प्रवासी विमान आगीत सापडलं. आग डोक्यावरच्या कप्प्याच्या भागात लागली होती, आणि पॉवर बँक हे संभाव्य कारण असल्याचं तपासातून पुढे आलं. तेव्हापासून बऱ्याच कंपन्या ती वरच्या कप्प्यात न ठेवता जवळ ठेवायला सांगतात.

च्युइंगमवर काका हसले. सिंगापूरने १९९२ मध्ये त्यावर बंदी घातली आणि ते देशात आणायलाही मनाई आहे. "एवढंसं च्युइंगम?" होय, एवढंसंच. कानासाठी गोळी चघळली किंवा घोट घोट पाणी प्यायलं तरी तेच काम होतं. जाता जाता सांगतो, ई-सिगारेटही सिंगापूरमध्ये चालत नाही. यांच्यापैकी कोणी ओढत नव्हतं, म्हणून तो वाद वाचला.

किल्ल्यांचा जुडगा हा माझा आवडता मुद्दा. घराच्या दाराची एक किल्ली पुरते. बाकीच्यांचा परदेशात उपयोग शून्य, आणि हरवल्यास परतल्यावर सगळी कुलपं बदलण्याचं काम. जुडगा घरी राहिला तसा चाकूही राहिला. तो हातातल्या बॅगेत सापडला असता तर जप्त झाला असता. जपानमध्ये ६ सेंटिमीटरहून लांब पात्याचा चाकू योग्य कारणाशिवाय बाळगणं हाही गुन्हा आहे. काकांचा लहान होता, पण तपासणीच्या रांगेत कोणी पट्टी घेऊन वाद घालत बसत नाही.

दागिन्यांवर काकू आधी ऐकेनात. मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. विमानात सोपवलेल्या बॅगेसाठी कंपनीची जबाबदारी माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार मर्यादित असते. डिसेंबर २०२४ च्या शेवटी ती प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झाली. आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींमध्ये रोकड, दागिने, कागदपत्रं सोपवलेल्या बॅगेत ठेवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे दागिने अंगावर ठेवायचे किंवा घरी. काकूंनी गळ्यातलं एक ठेवलं, बाकी बँकेत गेलं. कार्डं सात होती, तीन घेतली, आणि तीही तिघांकडे एकेक. एक पाकीट मारलं गेलं तर तिघे एकदम अडकू नयेत.

क्रीमच्या ट्यूबची गंमत अशी, की ती अर्धी रिकामी असल्याने काकूंच्या मते १०० मिलिलिटरच होती. तपासणीत बाटलीवर छापलेला आकडा पाहतात, आत उरलेलं मोजत नाहीत. हा नियम २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघड झाल्यावर आला. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे तो सैलावला आहे, पण वाटेत एक जरी जुन्या पद्धतीचा विमानतळ असेल तर ट्यूब तिथे कचऱ्यात जाते.

गोळ्या डबीतून पुन्हा मूळ पाकिटांत गेल्या. जागा वाचवायला काकूंनी जी डबी केली होती, तिच्यातल्या पांढऱ्या गोळ्या नेमक्या कशाच्या, हे कुठल्याही सीमाशुल्क अधिकाऱ्याला कळलं नसतं. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत ठेवली. जपानमध्ये स्वतःच्या वापरासाठी डॉक्टरांनी लिहिलेली साधी औषधं महिनाभराची नेता येतात, त्यामुळे १६ दिवसांची आणि वर थोडी असा साठा अडचणीचा नव्हता.

पाकिटाचा निर्णय

यावर सर्वांत जास्त वेळ गेला. मी आग्रह धरला की पाकीट उघडा. काकू कचरल्या. दुसऱ्याचं पाकीट, चिकटवलेलं, आपण कसं उघडायचं? मी विचारलं, विमानतळावर "ही बॅग तुम्ही स्वतः भरली का?" असं विचारलं तर काय सांगाल? मुलीने शेजारी फोन केला, रीतसर विचारलं आणि उघडलं.

आत खाऊची पाकिटं होती, त्यातल्या एकात मांसाचा पदार्थ. आणि सर्दीच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या, खोक्याशिवाय. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले, त्यात स्यूडोएफेड्रिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध.

जपानमध्ये मांसाचे पदार्थ तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय प्रवाशाला आणता येत नाहीत. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल तर ते औषध तिथे निषिद्ध, मग ते तुमच्या देशात कोणत्याही दुकानात सहज मिळत असो. या गोळीत प्रमाण किती भरतं, हे काढायला एकूण गोळीचं वजन हवं होतं, ते पट्टीवर नव्हतं. काका हिशेब करायला निघाले होते. मी थांबवलं, कारण हिशेब कसाही सुटला तरी उत्तर बदलत नव्हतं: औषधांची ती सवलत स्वतःच्या वापरापुरती आहे, दुसऱ्यासाठी औषध घेऊन जाण्याला ती लागू नाही.

तीन वाटा होत्या. सगळं नेणं, औषधं आणि मांसाचा पदार्थ काढून उरलेला खाऊ नेणं, किंवा पाकीटच परत करणं. मधली वाट मला व्यवहार्य वाटत होती. पण काकू म्हणाल्या, "अर्धं नेलं तर जास्त बोलणी बसतील." त्यांनी पाकीट परत केलं आणि कारण दिलं: वजन जास्त झालं.

प्रत्यक्षात काय झालं

निघताना मोठ्या बॅगा १८.६, १७.९ आणि १३.९ किलो, हातातल्या ७ च्या आत. एकूण २९.६ किलो घरी राहिलं. १७१ सेंटिमीटरची बॅग बदलून लहान घेतली होती.

सिंगापूरला काही झालं नाही. तपासणीत काकांना कोणी च्युइंगमबद्दल विचारलंही नाही, आणि हे त्यांनी मला दोनदा कळवलं.

चूक झाली ती पुढच्या विमानात. विमान भरलेलं होतं, आणि दाराशी कर्मचाऱ्यांनी मागे राहिलेल्या प्रवाशांच्या हातातल्या बॅगा घेऊन त्या खाली मालकक्षात पाठवायला सुरुवात केली. काकांनी सहज बॅग दिली. "बॅटरी आहे का?" असं विचारलं, त्यांना ते नीट समजलं नाही, मान हलवली. मुलगी चार माणसं पुढे होती. तिच्या लक्षात आलं, ती मागे धावली, आणि दाराशी जमिनीवर बॅग उघडून पॉवर बँक काढली. औषधांची पिशवी मात्र घाईत आतच राहिली. बॅग तोक्योला वेळेवर मिळाली, गोळीची वेळ चुकली नाही. पण त्या प्रवासात काकू झोपल्या नाहीत.

आम्ही चार दिवस बॅगेत काय असावं यावर डोकं लावलं, पण बॅग हातातून गेली तर काय, हा स्वतःच ठरवलेला दुसरा प्रश्न हातातल्या सामानाला विचारलाच नाही. हातातली बॅग हातातच राहणार असं मीही गृहीत धरलं होतं. ही माझी चूक.

दुसरी चूक वजनाच्या मोहाची. काटछाट रंगात आल्यावर काकांनी जादा चष्माही काढून ठेवला, "एक आहे ना." सहाव्या दिवशी क्योतोच्या एका जिन्यात चष्मा पडला, एक काच तडकली. उरलेले दिवस त्यांनी सगळी मंदिरं एका डोळ्याने पाहिली. चष्म्याचं वजन घरासह शंभर-दीडशे ग्रॅम असेल. किटलीसाठी दोन तास वाद झाला आणि चष्मा दोन सेकंदांत बाहेर गेला.

देशांतर्गत विमानात बॅगा तोलल्या, काही न बोलता पुढे गेल्या. शिंकान्सेनमध्ये दोन बॅगा वरच्या फळीवर मावल्या, तिसरी मुलीच्या पायाशी.

पुन्हा करायचं झालं तर

हातातल्या बॅगेच्या आत एक छोटी, वेगळी काढता येईल अशी पिशवी ठेवायची. त्यात पासपोर्ट, औषधं, पॉवर बँक, चष्मा, कार्ड. बॅग दाराशी मागितली तर पिशवी काढून घ्यायची आणि बॅग द्यायची. मी आता हे प्रत्येकाला सांगतो, आणि घरी एकदा करूनही दाखवायला लावतो, कारण रांगेत मागून धक्के बसत असताना कोणाला काही आठवत नाही.

तोक्योहून पुढच्या शहरात जाताना मोठ्या बॅगा हॉटेलमार्फत पुढच्या हॉटेलात पाठवता आल्या असत्या. जपानमध्ये ही सोय सर्रास आहे आणि साधारण दुसऱ्या दिवशी सामान पोचतं. मी ती सुचवली नाही, कारण माझं सगळं लक्ष कमी करण्यावर होतं. पाठवणी गृहीत धरली असती तर कदाचित काकूंना एक जाड जाकीट सोडावं लागलं नसतं. दोन दिवस त्या कुडकुडल्या, हेही नोंदवून ठेवतो.

राहिलं ते पाकीट. वजनाची सबब टिकली नाही. शेजारच्या ताई म्हणाल्या, अर्ध्या किलोचं कसलं आलंय वजन? बोलणं बंद झालं. काकूंना खरं कारण सांगायला संकोच वाटला होता, कारण त्यात शेजारणीवर शंका घेतल्यासारखं झालं असतं. मला वाटतं, "जपानमध्ये दुसऱ्यासाठी औषध नेता येत नाही, माझ्यावरच बालंट येईल" एवढं सरळ सांगितलं असतं तर राग नियमावर गेला असता. ते सांगण्याची जबाबदारीही मी घ्यायला हवी होती. तिऱ्हाईताने सांगितलेला नियम कोणाला टोचत नाही.

तोक्योत शेवटच्या संध्याकाळी तिघे त्या मुलीला भेटले. काकूंनी ओशाळून पाकिटाचा विषय काढला. ती म्हणाली, "बरं झालं काकू. इथे आल्या आल्या ऑफिसने आम्हाला तीच गोळी आणू नका म्हणून सांगितलं होतं. मी आईला दोनदा कळवलं होतं."